बाप्तिस्म्याच्या आधीचा न्याय

तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात एक छोटंसं प्रकरण आहे. दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध, दहावा प्रश्न, बारावा लेख. छापील दोन पानंही धड भरत नाहीत. प्रश्न असा आहे: ज्यू आणि इतर अख्रिस्ती लोकांच्या लहान मुलांना आईबापांची इच्छा नसताना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा संस्कार, द्यावा का? संत थॉमस म्हणतात, देऊ नये. ते नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध होईल.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर मी मुलांना धर्मशिक्षण देते. ‘नैसर्गिक कायदा’ हे शब्द आमच्याकडे बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते लग्नाआधीच्या तयारीवर्गात, पोपच्या १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकामुळे, म्हणजे संततिनियमनाच्या विषयात. तरुण मुलामुलींचा मग असा समज होतो की हा कायदा म्हणजे चर्चने लोकांच्या संसारावर ठेवलेली नजर. मला त्या समजाचं फार वाईट वाटतं. कारण त्या दोन पानांत हा कायदा चर्चच्या बाजूने कोणाला अडवायला उभा राहत नाही, तो चर्चलाच अडवतो. आणि तेही चर्च ज्याला सर्वांत मोठं दान मानते, ते दान देताना.

मुळात हा विचार काय आहे? संत थॉमस म्हणतात की देव ज्या शहाणपणाने सगळं जग चालवतो, तो शाश्वत कायदा. दगड, झाडं, जनावरं त्याच्या कह्यात नकळत चालतात. माणूस मात्र बुद्धीने त्यात सहभागी होतो, आपलं भलं कशात आहे हे ओळखतो आणि त्याप्रमाणे स्वतःला वळण लावतो. या सहभागालाच ते नैसर्गिक कायदा म्हणतात. त्याची पहिली आज्ञा इतकी साधी आहे की ती शिकवावी लागत नाही: चांगलं ते करावं, वाईट ते टाळावं. चांगलं म्हणजे काय, हे माणसाच्या घडणीतल्या ओढींवरून कळतं. जिवंत राहण्याची ओढ आहे, ती सगळ्याच वस्तुमात्रांत आहे. स्त्रीपुरुषांनी एकत्र यावं आणि पिल्लं वाढवावीत ही ओढ आहे, ती प्राण्यांतही आहे. आणि देवाविषयीचं सत्य जाणावं, चार माणसांत मिळूनमिसळून राहावं ही ओढ फक्त माणसाची. हे कळायला बायबल वाचलेलं असावं लागत नाही. ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्याही काळजावर ते लिहिलेलं आहे, असं संत पौलाने रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंच आहे.

‘निसर्गतः’ या शब्दाची महाराष्ट्रात अनेकांना धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. जन्माने माणसाची पायरी ठरते, ही तर निसर्गाचीच व्यवस्था, असं सांगून आपल्याकडे माणसांना पाण्यापासूनही दूर ठेवलं गेलं. युरोपातही हेच झालं. १५५० मध्ये स्पेनमधल्या वाय्यादोलिद इथे सेपुल्वेदा या पंडिताने अमेरिकेतले मूळ रहिवासी निसर्गतःच गुलाम आहेत, असं ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन मांडलं. त्याला विरोध करायला बार्तोलोमे दे लास कासास हा डॉमिनिकन, म्हणजे संत थॉमसांच्याच साधुसंघातला, बिशप उभा राहिला. अक्वायनसांच्या परंपरेत निसर्ग म्हणजे जे घडत आलंय ते नव्हे. एखाद्या जिवाची घडण त्याला ज्या पूर्णत्वाकडे नेते, ते म्हणजे त्याचा निसर्ग. म्हणून प्रथेला आणि राजाच्या हुकमालाही या कसोटीवर तपासता येतं. ही कसोटी खरी की खोटी, हे मला एकाच गोष्टीवरून ठरवावंसं वाटतं: ती आपल्या स्वतःच्या माणसांना लावली जाते की नाही.

आता त्या दोन पानांकडे येते. ती १२७० नंतरच्या एकदोन वर्षांत पॅरिसमध्ये लिहिली गेली. याच शहरात त्याआधी तीसेक वर्षांपूर्वी तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाची हस्तलिखितं गाड्या भरभरून जाळली होती. अशा ठिकाणी बसून एक ख्रिस्ती साधू ज्यू आईबापांची बाजू मांडतो. सुरुवातीला ते प्रथेकडे बोट दाखवतात. कॉन्स्टंटाइन, थिओडोसियससारखे बलाढ्य ख्रिस्ती सम्राट होऊन गेले, संत सिल्वेस्टर आणि संत अँब्रोजसारखे बिशप त्यांच्या अगदी जवळचे होते, ही गोष्ट योग्य असती तर त्यांनी सम्राटांकडून ती करवून घेतली नसती का? पण खरा युक्तिवाद पुढे आहे. मूल निसर्गतः आईबापांचा अंश असतं. आधी ते शरीरानेच आईच्या उदरात असतं. जन्मल्यावर, स्वतःची समज येईपर्यंत, ते आईबापांच्या काळजीत असतं, आणि ही काळजी म्हणजे जणू एक आध्यात्मिक गर्भाशय, असं ते लिहितात. समज येण्याआधी मुलाला त्यातून काढून घेणं, किंवा आईबापांच्या मनाविरुद्ध त्याचं काही करणं, हा अन्याय.

मला हे वाक्य वाचताना नेहमी थांबावं लागतं. ज्यू आईची माया ही ख्रिस्ती आईच्या मायेइतकीच पवित्र जागा आहे, असं ते सांगतात, आणि त्यासाठी त्या आईने ख्रिस्ती असण्याची अट घालत नाहीत.

संत थॉमस आपल्या विरोधकांचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनिशी मांडतात. इथे त्यातलं एक म्हणणं फार जड आहे. कोणी मरणाच्या दारात असेल आणि तुम्ही त्याला वाचवलं नाहीत तर ते पाप. मग ज्या मुलाचा आत्मा कायमचा गमावला जाण्याची भीती आहे, त्याला न वाचवणं हे त्याहून मोठं पाप नव्हे का? बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असं मनापासून मानणाऱ्या माणसापुढचा हा प्रश्न आहे, आणि संत थॉमस तसं मानणारेच होते. तरीही ते सांगतात: न्यायाधीशाने शिक्षा दिलेल्या माणसालासुद्धा कोणी बळाने सोडवून नेऊ नये. तसंच, मूल बापाच्या ताब्यात असावं ही नैसर्गिक कायद्याची व्यवस्था मोडून, शाश्वत मरणापासून वाचवण्यासाठीसुद्धा, त्याला कोणी काढून नेऊ नये. शाश्वत मरणापासून वाचवण्यासाठीसुद्धा! आणखी एक आक्षेप असा होता की ज्यू हे राजांचे दास आहेत, तेव्हा राजाने त्यांच्या मुलांचं काहीही करावं. संत थॉमस ते दास्य नाकारत नाहीत. पण ते केवळ नागरी दास्य आहे, त्याने नैसर्गिक कायदा पुसला जात नाही, असं ठामपणे म्हणतात.

याच ग्रंथात, पुढच्याच प्रश्नात, हट्टाने पाखंडाला चिकटून राहणाऱ्याला राजसत्तेने देहान्त द्यावा असंही ते लिहितात. ते वाचून मला यातना होतात आणि मी ते झाकून ठेवणार नाही. एकाच माणसाच्या हातून दोन्ही लिहिलं गेलं. पण यातलं दुसरं चुकलं, हे दाखवायला लागणारं साधन त्यांनी पहिल्यात आपल्या हाती दिलेलं आहे, असं मी मानते.

आईबापांचा हा हक्क मालकीचा नाही, हेही त्याच पानावर आहे. मुलाला समज आली, स्वतःची इच्छा वापरता येऊ लागली, की ते स्वतःचं होतं. मग आईबाप नको म्हणत असले तरी ते श्रद्धा स्वीकारू शकतं. तेव्हाही त्याला समजावून वळवावं, बळजबरीने नव्हे. हे लिहिणाऱ्याने ते भोगलेलं होतं. पाचेक वर्षांचे असताना घरच्यांनी त्यांना मोंते कासीनोच्या मठात दिलं. पुढे १२४४ मध्ये त्यांनी आपल्या मनाने भिक्षा मागून राहणाऱ्या डॉमिनिकनांचा झगा घातला, तेव्हा सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून घरच्या गढीत वर्षभर कोंडून ठेवलं. मोठ्या झालेल्या मुलीने मनाजोगा जोडीदार निवडला म्हणून तिच्यावर हात उगारणाऱ्या घरांना नैसर्गिक कायद्याचा आधार कधीच मिळणार नाही. तो हक्क पाळण्याचा आहे, आणि पालन संपलं की तो संपतो.

कॅथलिक परंपरेत सगळ्यांनाच हे पटलं, असं नाही. जॉन डन्स स्कोटस हे फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ १३०८ मध्ये वारले. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाची, म्हणजे ती आईच्या उदरात आली तेव्हापासूनच पापमुक्त होती या मताची, बाजू त्यांनी लढवली म्हणून ते आम्हा कॅथलिकांना प्रिय आहेत, आणि १९९३ मध्ये त्यांना धन्यवादित म्हणून मान मिळाला. त्यांचं म्हणणं उलट होतं. मुलावर आईबापांहून देवाचा हक्क मोठा. खालचा अधिकारी आणि वरचा अधिकारी यांच्यात विरोध आला तर वरच्याचं ऐकायचं. म्हणून राजाने देवाचा सेवक या नात्याने मुलं काढून घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करणं योग्यच. युक्तिवाद म्हणून त्यात फट सापडत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. संत थॉमस देवाचा हक्क कमी मानत नव्हते. त्यांचं म्हणणं, लहान मूल देवाकडे जातं ते आईबापांच्या बुद्धीतून, देवानेच ती वाट तशी आखली आहे. देवाच्या नावाने ती वाट तोडणारा देवाचीच योजना तोडतो. कृपा निसर्गाचा नाश करत नाही, त्याला पूर्णत्व देते, असं त्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात लिहिलं आहे. त्या वाक्याची खरी किंमत मला इथे कळते.

गोव्यात काय झालं ते पाहा. २३ मार्च १५५९ रोजी लिस्बनहून हुकूम निघाला. गोव्यातल्या हिंदूंची जी मुलं आईवडील, आजीआजोबा यांच्यावाचून उरली असतील आणि अजून समजत्या वयाची नसतील, ती ताबडतोब संत पॉल महाविद्यालयाच्या जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या, हवाली करावीत, म्हणजे त्यांना बाप्तिस्मा देता येईल आणि शिकवता येईल. हे शब्द नीट वाचले तर लक्षात येतं की मसुदा करणाऱ्याला संत थॉमसांची रेषा ठाऊक असावी. आईबाप नाहीत, आजीआजोबा नाहीत, समज नाही, म्हणजे कोणाच्या काळजीतून मूल ओढून घेतलं असं होत नाही. पण हाताशी सत्ता असली की रेषा सरकते. पुढे वडील वारले की, आई जिवंत असली तरी, मूल अनाथ धरलं जाऊ लागलं. काका-मामा मुलाला लपवून, रातोरात नदीपार पोर्तुगीज हद्दीबाहेर नेऊ लागले, आणि असं करणं हा गुन्हा ठरला.

तो हुकूम ज्याच्या नावाने निघाला तो राजा सेबास्तियांव तेव्हा पाच वर्षांचा होता. तो जन्मला त्याच्या अठरा दिवस आधी त्याचा बाप वारला होता. चार महिन्यांनी त्याची आई त्याला सोडून स्पेनला गेली, ती परत कधी त्याला भेटली नाही. आजी कातारिना त्याला वाढवत होती आणि त्याच्या नावाने राज्य चालवत होती. बापावाचूनचं एक मूल आजीच्या पदराखाली सुखरूप होतं. मांडवीकाठच्या तशाच एखाद्या मुलाला मात्र, पुढे लावलेल्या अर्थाप्रमाणे, आईचाही पदर राहिला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. मला त्या एकत्रच दिसतात.

आमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणाचा, कोणत्या परिस्थितीत झाला, याची नोंद उरलेली नाही. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९, दोनशे वर्षांचा. कोणी मनाने आलं असेल, कोणी जमिनीसाठी, कोणी भीतीने. माझी श्रद्धा माझी आहे, ती मी समजत्या वयात स्वीकारली, आणि ती मला जिवापाड प्रिय आहे. म्हणूनच आमचे लोक ‘शेवटी भलंच झालं ना’ असं म्हणतात तेव्हा मला गप्प बसवत नाही. भलं झालं म्हणून अन्याय न्याय होत नाही. हे मला कोणा नास्तिकाने शिकवलेलं नाही, आमच्याच संताने शिकवलं आहे.

गोव्याच्या हुकमानंतर तीनशे वर्षांनी, २३ जून १८५८ च्या संध्याकाळी, बोलोन्यात मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबाच्या दारात पोपच्या राज्याचे शिपाई आले. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा एदगार्दो तान्हा असताना खूप आजारी होता. घरातली कॅथलिक मोलकरीण आन्ना मोरिसी हिने तो जाणार असं वाटून गुपचूप त्याच्या डोक्यावर पाणी घातलं होतं. बातमी फुटली. बाप्तिस्मा वैध, म्हणजे मूल ख्रिस्ती, म्हणजे त्याला ख्रिस्ती वळण देणं चर्चचं कर्तव्य, असा हिशेब झाला. हुकूम देणारे इन्क्विझिटर, म्हणजे चर्चचे धर्मन्यायाधीश, फादर फेलेत्ती हे डॉमिनिकन, संत थॉमसांच्याच संघाचे. मुलाला रोमला नेलं. आईबापांनी अर्जविनंत्या केल्या, युरोप-अमेरिकेतून निषेध आले, पोप पायस नववे बधले नाहीत. एदगार्दो पुढे धर्मगुरू झाला, पोपवर त्याने अखेरपर्यंत प्रेम केलं आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये तो वारला.

या प्रकरणाचं समर्थन करणारे आजही आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत मासिकात एका डॉमिनिकन धर्मगुरूने ते केलं. त्यांचा मुद्दा मी टाळत नाही. संत थॉमसांनी बाप्तिस्मा देऊ नये असं म्हटलं. पण दिला गेलाच तर काय, हे त्या लेखात नाही. १७४७ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी दोन्ही गोष्टी एका पत्रात मांडल्या: असा बाप्तिस्मा देणं निषिद्ध, पण दिला गेला तर मूल ख्रिस्ती लोकांत वाढलं पाहिजे. माझं मत उघड सांगते. संत थॉमसांनी दिलेलं कारण पाणी पडल्यावर नाहीसं होत नाही. सहा वर्षांचा एदगार्दो बाप्तिस्म्यानंतरही आईच्या काळजीतच होता, तिच्याच हाताने जेवत होता. कृपा निसर्गाचा नाश करत नसेल, तर बाप्तिस्म्याची कृपा हे त्या आईची कूस उसवायचं हत्यार कसं होईल?

मला आन्ना मोरिसीचा राग येत नाही. माझ्या मावशीमुळे. तिच्या मुलीने हिंदू मुलाशी नोंदणी लग्न केलं आणि दोघांनी ठरवलं की बाळ मोठं झालं की त्याचं ते ठरवेल. मावशी बाळाला सांभाळायला त्यांच्याकडे राहते. एक दिवस हळूच म्हणाली, “बाई गं, आंघोळ घालताना मीच तीन वेळा पाणी ओतलं आणि शब्द म्हटले तर? कोणाला कळणार आहे?” मी तिला म्हटलं, “मावशी, ते लोक तुझ्या भरवशावर बाळ तुझ्या मांडीवर ठेवून कामाला जातात.” ती म्हणाली, “म्हणूनच तर जीव तुटतो गं.” मग मी तिला एदगार्दोची गोष्ट सांगितली, आणि त्या दोन पानांत काय आहे तेही. तिने एकच विचारलं, “संतांनी स्वतः लिहिलंय असं?” हो म्हटल्यावर तिने तो विषय सोडला. आता ती बाळाजवळ बसून मोठ्याने रोझरी म्हणते, जावयाला ठाऊक आहे, त्याची हरकत नाही.

विसाव्या शतकात हीच दोन पानं दुसऱ्या बाजूने कामाला आली. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली. त्यामागे कॅथलिकांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लान ही वंशद्वेषी संघटना होती. कॅथलिक शाळा चालवणाऱ्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल हे निव्वळ राज्याची निर्मिती नाही असं म्हणून तो कायदा रद्द केला. १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात पोप पायस अकरावे यांनी तो निकाल आनंदाने उद्धृत केला, आणि सोबत संत थॉमसांचं हेच प्रकरण. आपली मुलं कोणी घेऊ लागलं की न्याय चटकन आठवतो. पण तेव्हा जे खरं होतं ते गोव्यात आणि बोलोन्यातही खरं होतं, आणि १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणेत कुठल्याही धर्माच्या आईबापांचा हा हक्क मान्य केला तेव्हा ते अखेर सगळ्यांसाठी म्हटलं गेलं.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ८६८ वं कलम म्हणतं, आईबापांपैकी निदान एकाची संमती असल्याशिवाय बाळाला बाप्तिस्मा देऊ नये. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो, मरणाचा धोका असेल तर कॅथलिक किंवा कॅथलिक नसलेल्याही आईबापांच्या बाळाला, त्यांच्या इच्छेविरुद्धसुद्धा, बाप्तिस्मा देणं कायदेशीर आहे. आमच्या भागातल्या कितीतरी मुली नर्स आहेत, तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करतात. हे कलम त्यांच्यासाठी पुस्तकातलं नाही. आमच्या एका धर्मगुरूंशी मी यावर बोलले. ते म्हणाले, बाळ जाणारच असेल तर आईबापांचं सांभाळणंही संपतच आलं. त्यांच्याकडून काही काढून घेतलं जात नाही आणि बाळाला स्वर्ग मिळतो. त्यांच्या बोलण्यात तळमळ होती. पण काचेच्या पेटीतल्या त्या बाळाची आई बाहेर बाकावर बसलेली असते, आणि तिचं सांभाळणं त्या घटकेला जराही संपलेलं नसतं. संत थॉमसांनी ज्या आक्षेपाला उत्तर दिलं तो नेमका हाच होता, शाश्वत मरणाच्या धोक्याचा, आणि त्यांनी अपवाद केला नाही. म्हणून मला कोणी नर्स मुलगी विचारते तेव्हा मी सांगते, बाहेर जा, त्या आईच्या शेजारी बस आणि आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर पाणी घालू नकोस. बाळाला देवाच्या हाती सोपव. ते तुला करता येतं, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.